जुनी जीप कोणी खोलावी?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, गुजरातच्या हद्दीजवळच्या हरसूल भागात जुनी जीप अजून नोकरीवर आहे. शहरात कमांडर, मार्शल, एमएम ५४० किंवा ट्रॅक्स ही नावं आता हौशी लोकांच्या गप्पांत उरली. इथे याच जातीच्या गाड्या बाजारकरू आणतात, नागली-वरईची पोती वाहतात, द्राक्षाच्या हंगामात गिरणाऱ्याच्या मजूर बाजाराकडे निघालेली माणसं नेतात आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवतात. एसटी मोठ्या रस्त्यापर्यंत येते. तिथून पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जीपचा. हा टप्पा सह्याद्रीच्या उतारावरचा आहे. चार महिने चिखलपाण्यात, उरलेले आठ महिने उखडलेल्या खडीवर. अशा वाटेवर गाडीचा जो भाग गुपचूप झिजतो तो म्हणजे सस्पेन्शन: पाटे, शॅकल, बुश आणि शॉकअप. झिजलेला भाग बदलायचा कोणी आणि कुठे, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे की गाडी नाशिकला न्या आणि वर्कशॉपला लावा. हे उत्तर या भागापुरतं तरी चुकीचं आहे, असं मला वाटतं. पाट्यांच्या जीपचं यातलं बरंचसं काम मालकाच्या अंगणात, मालकाच्याच हाताने व्हायला हवं. सरकार, कंपन्या आणि आयटीआय यांनी त्याकडे काणाडोळा करत राहण्यापेक्षा ते नीट शिकवायला घ्यावं. सगळंच काम घरी करावं असं नाही. पण घरचं काम कोणतं आणि बाहेरचं कोणतं, ही रेघ नेमकी ओढता येते.

आधी झीज कशी होते ते पाहू. लांबीने उतरत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांचा थर म्हणजे पाटे. सर्वांत वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोकं वळवून त्याला डोळे केलेले असतात. एक डोळा चेसिसच्या ब्रॅकेटला पक्का बसतो आणि दुसरा शॅकलला टांगलेला असतो. खड्ड्यात पाटा दबून सपाट झाला की त्याची लांबी वाढते. ती वाढ झेपावी म्हणून शॅकलला झुलावं लागतं. मधला सेंटर बोल्ट पाटे एकत्र धरतो आणि ॲक्सलची जागा ठरवतो. यू-बोल्ट सगळा गठ्ठा ॲक्सलला आवळून ठेवतात. डोळ्यात बसतो बुश, हातात मावेल एवढा रबराचा तुकडा. नवा असतो तेव्हा तो गोल, घट्ट आणि काळाभोर असतो. पाणी, चिखल आणि वजन खाऊन त्याच्या अंगावर बारीक भेगा पडतात. मग तो एका बाजूने दबतो आणि मधलं भोक लांबट होतं. शेवटी रबराचा चुरा बाहेर पडतो आणि बोल्ट थेट लोखंडावर घासू लागतो. बाहेर ऐकू येतो तो फक्त अधूनमधून एक ‘खट्’ आवाज. पण आत ॲक्सल आता मागेपुढे सरकायला मोकळा झालेला असतो. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, पुढचे टायर कडेने खाल्ले जातात. तेल गळून गेलेल्या शॉकअपची गत याहून वाईट. खड्ड्यावरून उडालेलं चाक तो रस्त्यावर परत आणू शकत नाही आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग नसतो. वाघेरा घाटाच्या उतारावर हा प्रश्न बसायला आरामशीर वाटण्याचा राहत नाही. गाडी रस्त्यावर टिकण्याचा होतो.

ही झीज कोणाच्या लक्षात येणार? सरकारी तपासणीच्या तर नाहीच, कारण तिचं वेळापत्रकच वेगळं आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांचं योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर दरसाल घ्यावं लागतं. बुशला या तारखांशी देणंघेणं नाही. एखादा जबर पावसाळा त्याला पुरतो. चालकालाही ते सहज कळत नाही, कारण झीज हळूहळू होते आणि हात तिच्याशी हळूहळू जुळवून घेतो. गाडी डावीकडे ओढू लागली की मनगट न सांगता उजवीकडे जोर देतं आणि महिन्याभरात तीच त्या गाडीची चाल वाटू लागते. म्हणून गाडीखाली नियमाने डोकावणारा माणूस लागतो आणि तो मालक किंवा चालकच असू शकतो. कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार रस्त्याला धोकादायक ठरेल असा दोष असलेली गाडी चालवणं हा गुन्हा आहे. तो दोष माहीत असण्याचीही गरज नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढं पुरतं. म्हणजे कायदा मालकाच्या पदरात पाहणीचं कर्तव्य टाकतो. मात्र ही पाहणी करायची कशी, हे त्याला शाळेत, लायसन्सच्या परीक्षेत किंवा गाडीच्या कागदपत्रांत कुणी सांगितलेलं नसतं. ज्याच्यावर जबाबदारी त्यालाच अडाणी ठेवायचं आणि वर त्याने गाडीला हात लावू नये म्हणायचं, हा न्याय विचित्र आहे.

नाशिकला नेण्याच्या सल्ल्यात आणखी एक गफलत आहे. हरसूलहून नाशिक गाठायचं तर पन्नास-साठ किलोमीटर, तेही घाट चढून. ज्या गाडीचे बुश गेले, शॅकल ढिला झाला किंवा पाटा तुटला, तीच गाडी या वाटेने न्यायची. दुरुस्तीसाठी केलेला हा प्रवास त्या गाडीच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा प्रवास ठरू शकतो. शिवाय गाडी दिवसभर अडकते, त्या दिवसाचं भाडं बुडतं, चालकाचा रोज बुडतो आणि एखादा पार्ट मिळाला नाही तर दुसरी फेरी पडते. परिणामी माणूस जे करतो ते अगदी समजण्यासारखं आहे: तो काम पुढे ढकलतो. सर्वांत स्वस्त पार्ट असलेला बुश बदलायचा राहतो. तो डोळा खातो, मग शॅकल खातो, मग टायर आणि टाय रॉड एंड. शेकड्यांत भागणारं काम हजारांत जातं. घरी काम करण्याचा मोठा फायदा मजुरी वाचण्यात नाही, काम वेळेवर होण्यात आहे. आवाज आला त्याच आठवड्यात गाडीखाली शिरता आलं तर झीज पुढच्या पार्टाकडे सरकण्याआधीच थांबते.

आता कोणी म्हणेल, मोटारगाडी हे तज्ज्ञाचं काम, साध्या माणसाने त्यात पडू नये. आजच्या मोटारींबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण जीपचा जन्मच उलट विचारातून झाला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी बनवलेल्या जीपसाठी अमेरिकी युद्ध खात्याने १९४४ मध्ये टीएम ९-८०३ ही पुस्तिका काढली. तिचा पहिला भाग गाडी चालवणाऱ्यासाठी आणि दुसरा तुकडीच्या पातळीवर करायच्या दुरुस्तीसाठी होता. पाटे आणि शॉकअपचं काम या दुसऱ्या भागात येत होतं. त्या सैन्यात दुरुस्तीच्या पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिल्या पायरीवर खुद्द चालक: पाहणी, ग्रीस, आवळणं. दुसऱ्यावर त्याच तुकडीतले लोक. पुरती मोडतोड झालेल्या गाड्या तेवढ्या वरच्या पायऱ्यांवर, मोठ्या कारखान्यांकडे जात. कालपर्यंत नांगर धरणारा सैनिकही नेमून दिलेलं काम नीट करू शकेल, असं मानून ही व्यवस्था आखली होती आणि तिच्या जोरावर त्या गाड्या रणांगणावर चालल्या. याच विलीजच्या जीपची जोडणी महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला सुरू केली आणि तिची वंशावळ पुढे कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर धावली. म्हणजे पाड्यावरच्या कमांडरच्या अंगात ती सोय आजही आहे. बोल्ट दिसतो, पान्हा लागतो, पार्ट सुटा निघतो. हरवली आहे ती पायऱ्यांची शिस्त: कोणी कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं.

ती रेघ मी अशी ओढेन: बोल्टाने धरलेलं काम अंगणात, भट्टीने, प्रेसने किंवा दाबून धरलेलं काम मिस्त्रीकडे. शॉकअप बदलणं, शॅकल आणि त्याचे बोल्ट बदलणं, हाताने निघणारे दोन तुकड्यांचे रबरी बुश, यू-बोल्ट, ग्रीसचे निप्पल, इतकंच काय पाट्यांचा अख्खा तयार गठ्ठा उतरवून दुसरा चढवणं, हे सगळं बोल्टाचं काम आहे. बसलेले पाटे ठोकून पुन्हा चढवणं मात्र भट्टीचं काम. सिलिकॉन-मँगनीजच्या पोलादाला पाणी देऊन आणि पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून ताणशक्ती आणलेली असते. उघड्या भट्टीत अंदाजाने तापवलेला पाटा वरून नव्यासारखा दिसतो, पण त्यातलं पाणी उतरलेलं असतं. तो लवकर बसतो किंवा एके दिवशी मधोमध तुटतो. चेसिसचा ब्रॅकेट वेल्डिंग करणं हेही घरचं काम नाही. लोखंडी नळीत बसवलेला बुश प्रेसशिवाय धडपणे निघत नाही. हातोड्याने काढायला गेलं तर डोळाच वाकडा होतो. बोलेरोच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगला किंवा २०१० च्या थारच्या टॉर्शन बारला तर घरी हातच लावू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणूस मारू शकते. स्टिअरिंगचे सांधे घरी हलवून पाहावेत, पण बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करावं लागतं, म्हणून ते काम बाहेरचं. ही रेघ पाळणारा माणूस मिस्त्रीचं काम काढून घेत नाही. मिस्त्रीकडे काय घेऊन जायचं, हे त्याला कळतं, एवढंच.

आता घरचं काम म्हणजे काय, हे एका शॅकलपुरतं जवळून पाहू, कारण सगळा वाद तिथेच आहे. पहिली गोष्ट जागा: सपाट, टणक जमीन आणि न उचललेल्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. हँडब्रेकवर विसंबून चालत नाही. विलीज घडणीच्या अनेक जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या मागे, मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि पूर्ण ओढलेला हँडब्रेक गाडी धरत नाही. ठोकळे नसतील तर गाडी जॅकवरून घसरते आणि ही गोष्ट बाहेरून दिसत नाही म्हणूनच घात करते. दुसरी गोष्ट आधार: जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. वजन पेलायला चेसिसखाली लोखंडी स्टँड हवेत. दगड आणि विटा फुटतात आणि फुटण्याआधी आवाज करत नाहीत. चेसिस स्टँडवर टेकली की ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण काढायचा, म्हणजे शॅकलचा बोल्ट हाताने फिरेल इतका मोकळा होतो. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलेलं बरं. जुन्या घडणीच्या आट्यांच्या शॅकलला काही ठिकाणी उलटे आटे असतात. हे माहीत नसलेला माणूस ‘सोडवण्यासाठी’ जोर लावत तो आणखी आवळतो आणि शेवटी तोडतो. नवा रबरी बुश बसला की बोल्ट फक्त टेकवायचा, गाडी खाली घ्यायची, पुढेमागे हलवून चाकांवर तिचं वजन येऊ द्यायचं आणि मगच पुरता आवळायचा. चाक लटकत असताना आवळलेला बुश गाडी खाली आल्याबरोबर पिळला जातो आणि पिळलेल्या अवस्थेतच काम करत लवकर फाटतो. नवा बुश टिकत नाही, या तक्रारींतल्या काहींचं मूळ पार्टात नसून आवळण्याच्या या वेळेत असतं. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. नवे घालून आलटून-पालटून आवळावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. एका बाजूचा बुश गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही बदलावा, नाहीतर गाडीची दोन्ही अंगं वेगळी वागतात. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येकीमागे कारण आहे आणि ते कारण कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

सुरक्षिततेचा आक्षेप इथेच तपासायला हवा, कारण तो सर्वांत वजनदार आहे. अर्धवट माहितीच्या हाताने उघडलेली गाडी रस्त्यावर इतरांच्याही जिवावर येऊ शकते, हे नाकारता येणार नाही. पण या आक्षेपात एक गृहीतक दडलेलं आहे: घरी नाही केलं तर काम वर्कशॉपमध्ये होईल. हरसूल, ठाणापाडा, पेठ, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात खरा पर्याय तो नसतो. खरा पर्याय असतो काम न होण्याचा, नाहीतर जॅकखाली दगड रचून, तुटलेल्या पाट्याला तार गुंडाळून किंवा बुशच्या जागी टायरचा तुकडा कोंबून वेळ मारून नेण्याचा. घरी काम आजही होतंय. फक्त ते शिकल्याविना आणि चोरून होतंय. त्यावर बंदी घालून ते थांबत नाही, आणखी आड जातं. शिवाय महागड्या वर्कशॉपचा फलक म्हणजे नीट आवळलेल्या बोल्टाची हमी नव्हे. तिथेही घाईत चाक लटकलेलं असतानाच बुश आवळला जाऊ शकतो आणि मालकाला काम कसं झालं हे पाहता येत नसेल तर तो तक्रारही करू शकत नाही. ज्याने एकदा स्वतः शॅकल बदलला आहे, तो दुसऱ्याने केलेलं काम तपासू शकतो. सुरक्षितता वाढते ती डोळ्यांच्या या दुसऱ्या जोडीने.

दुसरा आक्षेप पार्टांचा: बाजारात डुप्लिकेट माल इतका आहे की घरी काम करणारा हमखास फसतो. तक्रार खरी आहे, पण तिचा रोख चुकतो. खरा पार्ट आणि त्याची माहिती सामान्य गिऱ्हाइकाला मिळू न देण्याची रीत मोटार उद्योगानेच जोपासली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणाने: अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीच्या पुस्तिका त्यांनी स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिल्या नाहीत. त्या यादीत देशी-विदेशी जवळपास सगळी मोठी नावं होती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने मांडलेलं तत्त्व महत्त्वाचं आहे: गाडी विकल्यावरही तिच्या दुरुस्तीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये याच हक्काच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतर तिथल्या उद्योगाला देशभरासाठी समझोता करावा लागला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमून मोबाइल, घरगुती उपकरणं, शेती अवजारं आणि वाहनं ही क्षेत्रं निवडली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पाऊल योग्य दिशेचं आहे, पण ते नव्या मालापुरतं आणि इंग्रजी येणाऱ्यांपुरतं राहता कामा नये. ज्या नाशिक जिल्ह्यातल्या महिंद्रांच्या कारखान्यातून २००२ पासून स्कॉर्पिओ आणि २०२० पासून नवी थार बाहेर पडते, त्याच जिल्ह्यात पाड्यावरच्या जुन्या गाडीच्या मालकाला आपल्या यू-बोल्टचा नट किती जोराने आवळायचा याचा आकडा मराठीत मिळत नाही, ही उद्योगासाठी भूषणाची गोष्ट नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. गाडीत परस्पर बदल करायला कायद्याची मनाई आहे, असं म्हटलं जातं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल हेच सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ घडणीपासून गाडी दूर नेता येणार नाही. पण झिजलेला भाग काढून त्याच मापाचा, त्याच जातीचा भाग बसवणं हा बदल नव्हे. तो गाडीला मूळ घडणीकडे परत नेण्याचा उपाय आहे. उलट खरा बदल चाललेला असतो तो शहरी हौशी मंडळींच्या उंच केलेल्या जीपांत आणि खेडोपाडी भार जास्त पेलावा म्हणून कोंबलेल्या जादा पाट्यांत. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. जादा पाटा घातला की गाडी रिकामी असताना कडक होते आणि उसळते, डोळे आणि ब्रॅकेटवर भार वाढतो आणि भरल्या गाडीत ब्रेक मात्र तेवढेच राहतात. घरच्या कामाचं समर्थन करणाऱ्याने हा मोह आधी सोडायला हवा. मूळ माप, मूळ संख्या, मूळ जागा, एवढीच चौकट.

चौथा आक्षेप असा की हे सगळं वरवरचं मलम आहे. दुखणं आहे ते रस्त्यात, कोंबून भरलेल्या गाड्यांत आणि निवृत्त व्हायला हव्या त्या गाड्या चालू ठेवण्यात. रस्ते आणि अतिभार यांबद्दल दुमत नाही. आठ-नऊ जणांच्या गाडीत पंधरा माणसं बसली तर कोणताही बुश टिकणार नाही आणि त्याचं उत्तर पान्ह्यात नाही, एसटीच्या फेऱ्यांत आहे. पण एसटी वाढेपर्यंत गाडी चालणारच असेल तर ती बरी चालावी, यात विसंगती काय? राहिला निवृत्तीचा मुद्दा. केंद्राने २०२१ मध्ये वाहन मोडीचं धोरण आणलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० रुपयांवर गेलं. दिल्लीच्या धुरात या धोरणाला अर्थ आहे. नाशिकच्या पश्चिम घाटमाथ्यावर मात्र नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाकडून जादा शुल्क घेऊन ती गाडी सुरक्षित होत नाही; उलट जो पैसा बुश-शॉकअपवर जायचा तो कागदावर जातो. जुनेपणा हा दोष नाही, न सांभाळलेला जुनेपणा हा दोष आहे. तपासणीत हा फरक दिसायला हवा.

शेवटचा मुद्दा गावातल्या फिटरच्या पोटाचा. मालक शिकले तर गावच्या गॅरेजचं काय, असं विचारलं जाईल. अनुभवी फिटरचं काम बुश काढण्यापुरतं नसतं. निदान, अलाइनमेंट, इंजिन, गिअर, ब्रेक, वेल्डिंग हे त्याचं खरं रान आहे. हलकं काम मालकाने उरकलं तर फिटरकडे वेळेत आलेलं आणि नीट सांगितलेलं काम येतं. शिवाय युद्धकाळातल्या त्या पायऱ्यांत दुसरी पायरी होतीच: तुकडीतली जाणकार माणसं. पाड्यावर ही पायरी गावचा फिटरच भरून काढेल. मालकाला शिकवणारा, त्याने केलेलं काम एकदा पाहून देणारा आणि स्टँड, टॉर्क रेंच, प्रेस अशी महागडी साधनं भाड्याने देणारा म्हणून त्याचं महत्त्व वाढेलच.

यासाठी मोठा निधी लागत नाही, तीन-चार नेमके निर्णय लागतात. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आधीच आहे. त्याच कार्यशाळांतून डोंगरी तालुक्यांतल्या गाडीमालकांसाठी पावसाळ्याआधी दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, ज्यात पाहणी, आधार देणं आणि रेघ कुठे आहे हे शिकवलं जाईल. पाट्यांच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या सस्पेन्शनची मापं, आवळण्याचे आकडे आणि पार्टांचे क्रमांक मराठीत, छापील स्वरूपात द्यावेत. त्या गाड्यांचं उत्पादन थांबलं असेल तर लपवण्यासारखं त्यात उरलंय काय? परिवहन खात्याने तपासणीत नुसतं पास-नापास न सांगता दोषांची यादी लेखी द्यावी: डावा मागचा बुश, उजवा पुढचा शॉकअप, असं. त्या यादीवर काम झाल्याचं दिसलं तर फेरतपासणीचं शुल्क माफ करावं. ग्रामपंचायतीने किंवा बचतगटाने चार भक्कम स्टँड, एक चांगला जॅक आणि एक टॉर्क रेंच गावात ठेवावा. बैलगाडीच्या काळात गावचा लोहार धाव बसवायची साधनं जशी सगळ्यांसाठी ठेवायचा, तसं. कलम १९० मालकाकडून साधी काळजी मागतं. ती मागण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे, पण काळजी कशी घ्यायची हे शिकवून झाल्यावर. तोवर त्या कलमाखाली पाड्यावरच्या जीपवाल्याला फाडलेली प्रत्येक पावती त्याच्याइतकीच आपल्या व्यवस्थेच्या नावावर फाडलेली असेल.